होडीतली पुढची जागा

रविवार, १२ मार्च

प्रिय नवरोबा,

कसा आहेस? खोकला गेला का, की अजून अंगावरच काढतोयस? इथे सगळं ठीक. तुझ्या आईचे गुडघे आणि माझं औषधांचं दुकान, दोन्ही कुरकुरत का होईना, चालू आहेत.

परवा फोनवर तू विचारलंस, तिथल्या पुलाचं काम आणखी दोन वर्षं वाढलंय, नव्या करारावर सही करू का? मी म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर." त्यावर नंतर लिहिते. आधी आजची शर्यत ऐक.

वारा म्हणशील तर नावाला. क्लबच्या झेंड्याने सकाळपासून मान टाकली होती, तरी भोंगा वाजलाच. तुझ्या जागी दातांचे डॉक्टर आले होते. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागला की थांबत नाही. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतात, सुटीच्या दिवशी स्वतःचं उघडतात! इतक्या कमी वाऱ्यात पुढे, शिडाच्या बाजूला, मांजरासारखं पडून राहायचं असतं, हे सांगून सांगून माझी जीभ दुखली. ते सारखी कूस बदलायचे. आपली जोडसांगाड्याची कॅटमरान हलली की शिडात जमलेली एवढीशी हवाही निघून जायची.

तरी आपण पुढे होतो, खरंच! अर्थात नुसतं पुढे असून भागत नाही. आपली होडी वेगवान, म्हणून निकालात आपला वेळ वाढवून धरतात. शेजारच्या काकांची होडी जुनी आणि संथ, तिला सवलत. त्यांच्या बऱ्याच आधी पोचलो तरच जिंकणार. आणि शेवटच्या तरंगत्या बोयापाशी तेवढं अंतर होतं, शप्पथ.

तिथे वळायचं होतं. पाण्यावर डावीकडून वाऱ्याची बारीक सुरकुती येताना दिसली आणि मी सुकाणूच्या दांड्यावर दोनदा टिचकी मारली. ती ऐकली की तू लगेच सरकतोस ना, काही न विचारता, तीच आपली खूण. डॉक्टर ताडकन उठून बसले. "काय हो वहिनी, काही तुटलं का?"

झालं! होडी डुचमळली, नाक वाऱ्यात अडकलं आणि आपण जागच्या जागी उभे. काका मागून हळूहळू जवळ आले. रेषेवर पहिले आपणच पोचलो, टाळ्याही वाजल्या. मग हिशेब झाला आणि कप काकांच्या घरी गेला.

बिचारे डॉक्टर माफी मागत राहिले. त्यांची काय चूक? ती खूण मी त्यांना सांगितलीच नव्हती. सांगावीशीच वाटली नाही. टिचकी मारताना तर पुढे तू नाहीस हेच मी विसरले होते. एवढं कळलं आणि किनाऱ्यावर शिडाची घडी घालताना मला रडू कोसळलं. डॉक्टरांना वाटलं, कप गेला म्हणून.

जाताना म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षापर्यंत मी नीट शिकून घेतो." मी मान हलवली आणि घरी येऊन तडक हे लिहायला बसले. फोनवर मी समजूतदारपणाचा नुसता आव आणला रे. तुझं काम मोठं आहे, ठाऊक आहे. पण मला ना समजूतदार राहायचंय, ना डॉक्टरांना शिकवायचंय. मला तू हवा आहेस, घरात, होडीत, समोर.

सही करू नकोस.

तू रागावलास तरी चालेल, इथे येऊन रागाव.

तुझी, वाट बघून कंटाळलेली
बायको