मनातून काढलेला चेहरा

कोल्हापूर,
ता. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

नईमभाईस,
अफसानाचा सलाम.

इकडं सगळी बरी आहेत. सोहेलची बदली एकदाची टळली. सूनबाईला, म्हणजे नुजहतला, सातवा महिना आहे. पायांवर सूज आहे, बाकी ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. चंदगडला यंदा एवढा पाऊस झाला, तुझं घर कोरडं राहिलं का ते कळव. एवढं विचारून झालं, आता भांडते.

गुरुवारी तुझं पार्सल आलं. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. एकेचाळीस वर्षांनी भावाकडून काहीतरी येतं आणि ते काय, तर इंग्रजी पिक्चरची डिस्क. काळे हातमोजे घातलेला खुनी, त्याच्या हातात वस्तरा, आणि वर किंचाळणारी बाई. ती बाई मी. केस सोनेरी केलेस, पण हनुवटीवरची खोक माझी आणि डोळेही माझेच. लंडनच्या कुठल्याशा कंपनीनं जुना इटालियन पिक्चर धुऊनपुसून नव्यानं विकायला काढला आणि वेष्टनावर तू टॉकीजसाठी कापडावर रंगवलेलं चौऱ्याऐंशी सालचं बॅनर छापलं. मला विचारायची काही रीत आहे की नाही?

तो पिक्चर आम्ही सोहेलच्या गेमच्या मशीनवर लावून अख्खा बघितला. काय तो पिक्चर, भाई. बॅनरवर मी पंधरा फूट, आणि ज्या बाईच्या जागी तू मला काढलंस ती बाराव्या मिनिटाला खलास. पोलीस नुसता सिगारेटी ओढत फिरतो. रक्त असलं लालभडक की आपल्या गल्लीतली रंगपंचमी परवडली. खुनी कोण ते नुजहतनं अर्ध्यातच सांगून टाकलं. असले पिक्चर तिकडं लोक डोक्यावर घेऊन नाचतात म्हणे.

पण माझं डोकं फिरलं ते पिक्चरमुळं नाही. डिस्कसोबत एक पुस्तिका आहे. नुजहत ती मला मराठीत करून सांगत होती. तुझं नाव आहे, चंदगडच्या खोलीत भिंतीला ते बॅनर लावून उभा आहेस असा फोटो आहे. चेहरा कुणाचा, असं त्यांनी विचारलं. तर पेंटरसाहेब म्हणाले, कुणाचाच नाही, मनातून काढला.

मनातून? मग माळवदावर तीन दुपारी कोण बसलं होतं? बॅनर रंगवायला मुंबईहून फोटोंचा सेट आला त्यात नटीचा फोटोच नव्हता, नुसता हातमोज्यातला हात आणि पोलिसाची पाठ. शुक्रवारी पिक्चर लागणार म्हणून तू रडकुंडीला आला होतास. "अफसाना, तोंड उघड, आणि हलू नको बघ," म्हणालास. शेवटी माझा जबडा आखडला. अम्मीनं विचारलं, भाकरी का खाईनास, तर मी दाढ दुखते म्हणून सांगितलं. एवढं करून मी कुणाचीच नाही?

मी ती पुस्तिका भिरकावली. नुजहत बिचारी घाबरली. म्हणाली, "मम्मी, एवढं चिडायला काय झालं? तुमचा चेहरा हाय व्हय तो?"

मी म्हणाले, "व्हय, माझाच हाय."

हे मी जन्मात पहिल्यांदा बोलले. मग सोहेल कामावरून आल्यावर दोघांना समोर बसवून सगळं सांगावं लागलं. गणपतराव पानवाल्यानं दुकानात येऊन अब्बांना कसं म्हटलं, "लालासाब, तुमची पोरगी टॉकीजवर झळकली की." अब्बा शिलाई तशीच मशीनवर टाकून घरी आले आणि त्यांनी मला विचारलं, तू बसलीस काय. तेव्हा मिरजेचं स्थळ चाललं होतं. मी म्हणाले, न्हाई अब्बा, भाईनं माझ्या शाळेतल्या फोटोवरनं चोरून काढलं. तू दारात रंगाचे डबे घेऊन उभा होतास. माझ्याकडं एकदा बघितलंस आणि म्हणालास, "व्हय, चोरून काढलं." त्याच संध्याकाळी अब्बांनी तुला बाहेर काढलं. मिरजेचं स्थळ तरीही मोडलं.

पोरांना हे सांगितलं नाही, तुला सांगते. त्या आठवड्यात कॉलेज चुकवून मी चारदा टॉकीजसमोर जाऊन उभी राहिले होते. लोक वर बघायचे आणि मला फार बरं वाटायचं.

मला वाटलं होतं, दर शुक्रवारी व्हायचं तसं त्या कापडावरही पांढरा रंग फासला गेला असेल. तू ते घडी करून घेऊन गेलास हे मला आता फोटोत कळलं. कापड जपलंस ते जपलंस, माझं खोटंही जपत बसलास. कुणी सांगितलं होतं तुला? मी अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे. अब्बांना जाऊन बारा वर्षं झाली. आता कुणापासून वाचवतोयस मला?

पुढचं वाचताना कागद फाडू नको.

अब्बांच्या मातीला तू आला होतास. अम्मीनं मला म्हटलं, नईम आलाय म्हणत्यात, त्याला घरात घेऊन ये. मी तिला सांगितलं, तो माती देऊन लगेच गेला, त्याची एस.टी. होती. तू गेला नव्हतास. गणपतरावांच्या दुकानाच्या बाकावर बसला होतास, तासभर. मी खिडकीतून बघत होते. आत आलास तर आज खरं काय ते बोलशील, याची मला भीती वाटली. अम्मी त्यानंतर तीन वर्षं होती. माझा नईम गल्लीपर्यंत आला पण मला न भेटता गेला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी तिच्या शेजारी बसून ऐकायचे. आणि सकाळी शाळेत जाऊन पोरांना खरं बोला म्हणून शिकवायचे, तेहतीस वर्षं.

हेही मी गुरुवारी पोरांना सांगितलं. सोहेल तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. त्याचं बरोबर आहे.

नुजहतकडून त्या कंपनीला मेल पाठवला आहे. पेंटर खोटं बोलला, चेहरा त्याच्या बहिणीचा आहे आणि ती स्वतःच्या मर्जीनं बसली होती, पुढच्या छपाईत दुरुस्त करा, असं लिहिलंय. तुझी परवानगी घेतली नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या चंदगड गाडीनं मी येते आहे. दार उघडलं नाहीस तर रस्त्यात उभी राहून सगळं मोठ्यानं सांगेन, तुझ्या शेजारपाजाऱ्यांनाही कळू दे. उघडलंस तर मला शिव्या दे. दारात डबे धरून माझं खोटं अंगावर घेतलंस तसं पुन्हा घेऊ नको, भाई, मला आता ते सोसायचं नाही. अम्मी शेवटच्या दिवशी काय म्हणाली ते मी फक्त तुला समोर बसवून सांगणार आहे. ते तुझं आहे, मी नऊ वर्षं ठेवून घेतलंय.

तुझ्यावर आळ घेणारी
तुझी बहीण
अफसाना