काळवंडत चाललेलं रान

नेमूर, १५ जानेवारी १८८३

ती. बाबांना ओनोरीनचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी शिक्षिकेची परीक्षा पास झाले, घरातली पहिलीच, म्हणून तुम्ही दिलेलं, तुम्हीच रंगवलेलं रानाचं चित्र मी वर्गात शेगडीच्या वर लावलं. भिजून आलेल्या पोरी तिथंच जमतात. पण ते काळं पडत चाललंय. झाडाखाली लाकडं वेचणारी आई दिसेनाशी होतेय. काल धाकट्या पोलेतनं विचारलं, की बाई, एवढा अंधार पडला तरी ती बाई घरी का जात नाही? आईचं दुसरं चित्र आपल्याकडे नाही. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या पॅरिसच्या एखाद्या कारागिराकडे पाठवू का? लगेच कळवा.

तुमची
ओनोरीन

मार्लोत, १९ जानेवारी

चि. ओनोरीनला अनेक आशीर्वाद.

अहो मास्तरीणबाई, शेगडीवर कोबीचं सूप ठेवतात, बापाचं चित्र नव्हे! त्या सावल्यांत डांबराचा तपकिरी रंग आहे. तेव्हा आम्ही सगळेच चित्रकार तो वापरायचो. सावली कशी मधासारखी दिसायची. पण तो पुरता कधी वाळत नाही, उबेनं पाझरतो नि काळा होतो. चित्र गार भिंतीवर हलव, पुसू मात्र नकोस. काळं झालेलं कुणालाच उजळता यायचं नाही.

मी येऊन वरून नवा चेहरा काढू शकतो. तुझी आई जाऊन आठ वर्षं झाली, पण डोळे मिटले की दिसते. फक्त आता ती हसतानाच दिसते. त्या दिवशी तर रागावली होती, चित्रासाठी थंडीत ताटकळत ठेवली म्हणून. तू म्हणशील तसं करू.

तुझा
बाबा

नेमूर, २४ जानेवारी

ती. बाबांना सप्रेम नमस्कार.

चित्र हलवलं. नवा चेहरा नको, बाबा. तुम्ही हसरी आई काढाल, आणि खालची रागावलेली कायमची जाईल. झाडं वाऱ्यानं हललेली चालतात, बायकोनं मात्र हलायचं नाही, असं तुम्हाला सुनावणारी तीच तर माझी आई. दिसेल तेवढी दिसू दे. शनिवारी तुम्ही या, आणि ती कोण होती ते पोरींना सांगा. मलाही ऐकायचंय.

वाट पाहणारी
ओनोरीन

मार्लोत, २५ जानेवारी

चि. ओनोरीनला आशीर्वाद.

शनिवारी येतो. ब्रश घरीच ठेवतो. ती गेल्यापासून मी तिच्याबद्दल कुणाशी बोललोच नाही गं, नुसती झाडं काढत बसलो. वर्गात मध्येच गप्प झालो, तर सांभाळून घे.

तुझा
बाबा