आयातदार विहीण

१४ मार्च

सौ. विहीणबाई यांना,

सप्रेम नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? व्याह्यांना माझा नमस्कार सांगा. इकडे आम्ही बरे आहोत. फोन करायचा सोडून हे पत्राचं काय काढलं, असं तुम्हाला वाटेल. तेही सांगते, पण आधी बातमी.

आपला माल सुटला. काल सकाळी परवाना हातात पडला आणि दुपारी खोकी बंदरावरच्या गोदामातून टेम्पोत चढली. आज कोपऱ्यावरच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या फळीवर, तुमच्या कारखान्यातले दाणे-खजुराचे बार ओळीने उभे आहेत. काही ना काही निमित्त काढून मी सारखी तिकडे जातेय. मीठ आणलं, काडेपेटी आणली, मग घरात होतं तेच मीठ पुन्हा आणलं. शेवटी दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही अशा टक लावून उभ्या राहिलात तर गिऱ्हाईक बिचकेल."

मग मी जरा मागे सरकले, आणि नेमकी तेव्हाच पहिली विक्री झाली. बस चालवणारी एक बाई आली, अंगावर कामाचाच गणवेश. तिने एक बार उचलला, उलटसुलट करून लेबल वाचलं, पैसे दिले आणि दारातच वेष्टन फाडून घास घेतला. चार पावलं गेली असेल, तर पुन्हा मागे फिरली आणि आणखी मूठभर घेऊन गेली. विहीणबाई, माझ्या लग्नातही मला एवढा आनंद झाला नव्हता. हे व्याह्यांना वाचून दाखवू नका.

खरं सांगू का, हे होईल असं मला मध्ये वाटतच नव्हतं. लेकीच्या बॅगेतून तुम्ही खाऊ पाठवायचात, शेजारीपाजारी मागून न्यायचे, तेव्हा वाटलं होतं की चार खोकी मागवायची आणि विकायची, त्यात काय मोठंसं. पण इथलं सरकार एवढ्याशा बारसाठी माणसाचा जीव खातं. नमुने प्रयोगशाळेत पाठवा. इथल्या भाषेत लेबल लावा. दाणे आणि तीळ ठळक अक्षरात हवेत, कारण काहींना ते खाऊन घसा सुजतो. अक्षर बारीक झालं म्हणून एकदा सगळी लेबलं परत आली.

आणि वेष्टनावरचं तुमचं ते 'ताकदीचा खजिना'. आमचे चष्मेवाले साहेब, म्हणजे आयातीचा परवाना देणारे अधिकारी, त्यावर अडूनच बसले. म्हणाले, "कोणाची ताकद वाढली? किती? पुरावा दाखवा." मी म्हटलं, साठी उलटलेली बाई नमुन्यांची खोकी घेऊन जिन्याने तुमच्या कचेरीत आली, हा पुरावा. ते हसले, पण ऐकलं नाही. तेव्हा आता तुमच्या खजिन्यावर पांढरी पट्टी चिकटवली आहे. पुढच्या वेष्टनावर ते छापूच नका.

पुढचा प्रसंग त्याच कचेरीतला, मागच्या आठवड्यातला. तोच सांगायला मी टाळाटाळ करतेय.

तुमची लेक दुभाषी म्हणून माझ्याबरोबर होती. साहेबांनी विचारलं, "माल पाठवणाऱ्या बाई तुमच्या नात्यातल्या आहेत का?" नातं असेल तर तशी नोंद करावी लागते, किंमत खरी लावली आहे की नाही ते बघायला. मी म्हटलं, विहीण. आता हा शब्द इथल्या भाषेत नाहीच. तुमची लेक त्यांना समजावू लागली, "ती माझी आई. आणि या..." तिथे ती थांबली. मग म्हणाली, "या सध्या माझ्या सासूबाई."

मला इथली भाषा मोडकीतोडकी येते, पण 'सध्या' येतं. दुकानांच्या पाट्यांवर असतं, 'सध्या शिल्लक नाही.' मी तिच्याकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती. काय झालं ते मला तिथेच, त्या खुर्चीत कळलं. मग माझ्या तोंडून त्याच मोडक्या भाषेत निघून गेलं, "सध्या नाही. नेहमीच्या."

साहेबांनी आमच्या दोघींकडे पाहिलं आणि 'नातं आहे' पुढे खूण केली. म्हणाले, "किती काळ, ते आम्ही विचारत नाही."

बाहेर बाकावर बसून तिने सगळं सांगितलं. माझा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला तेव्हापासून दोघं फोनवर फक्त बिलांचं आणि माझ्या औषधांचं बोलतात. भांडण नाही, मध्ये तिसरं कोणी नाही. वेगळं व्हायचं दोघांनी मिळून ठरवलंय, कागद वकिलाकडे गेलेत. "परवाना मिळेपर्यंत थांबणार होते, आई," ती म्हणाली, "नाहीतर तुम्ही मध्येच सगळं सोडून दिलं असतं." घरी येऊन मी मुलाला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. तो रडायला लागला. मग मीही.

तो म्हणतो, आई, माझ्याकडे ये. ती म्हणते, इथेच राहा, हे घर तुमचंच आहे. मी दोघांनाही सांगितलं, मला गोदामाच्या वर दोन खोल्या मिळताहेत, खिडकीतून माल उतरताना दिसतो, मी तिथे राहणार. आयुष्यात पहिल्यांदा दारावर माझी पाटी लागेल, तीही आयातदार म्हणून. तुमची लेक पडदे शिवते आहे. माझ्या मुलाने पाटी करून पाठवायचं कबूल केलंय, बघू.

तुम्हाला राग येईल. येऊ द्या. माझ्या मुलावर काढा, माझ्यावर काढा, पण मालावर काढू नका. दुकानदार दुसरी खेप मागतोय, त्याच्या मेव्हण्याच्या दुकानातही ठेवायचं म्हणतोय. तुमच्या हाताखालच्या बायकांना सांगा, इथे त्यांचं काम लोक उभ्या उभ्या खातात.

मी हे लिहितेय ते तुमच्या लेकीला ठाऊक आहे. तीच म्हणाली, "आई, पहिलं वाक्य माझ्याकडून निघणार नाही, तुम्ही लिहा." फोनवर ते माझ्याकडूनही निघालं नसतं, म्हणून हे पत्र. तेव्हा पत्र मिळालं की तिला फोन करा. का, कसं, काही विचारू नका. ती गप्प राहिली तर तुम्हीही गप्प राहा, पण फोन ठेवू नका. रात्री तिच्या खोलीतला दिवा बराच वेळ जळत असतो. आईचा आवाज हवाय तिला, माझा पुरत नाही.

शेवटी काय लिहून सही करावी, म्हणून पेन धरून बसून राहिले. कोर्ट उद्या काय म्हणायचं ते म्हणो. दुसरी खेप पाठवा अगर न पाठवा,

मी तुमचीच,
विहीण