टिकल्या लावलेली चार बटनं

निलंगा, मंगळवार

प्रिय मंजू,

जाताना दार आपटायला तुला जमलं, पण त्या जुन्या कॉम्प्युटरचं कुठलं बटन कशाला हाय ते कागदावर लिहून ठेवायला जमलं न्हाई? चार बटनांवर माझ्या टिकल्या चिकटवल्यास आणि नांदेडची एसटी धरलीस. माझ्या चौथीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवत नव्हते, बाई. चार महिने झाले, आईचा फोन उचलत न्हाईस. अप्पाशी बोलतीस, मी मागून काही म्हटलं की ठेवून देतीस. त्यांच्याकडून तुला काय कळणार? ‘बरं हाय’ याच्या पुढं ते बोलतच न्हाईत. म्हणून लिहायलेय. फाडू नको, पुरं वाच.

तू त्यांना तो खेळ लावून दिलास त्या दिवशी माझं डोकं फिरलं, हे खरं हाय. लातूरच्या दवाखान्यातून आणून तीन दिवस झालेले, लकव्यानं डावं अंग लुळं, आणि तू त्यांना खुर्चीत बसवून राक्षसांवर बंदूक चालवायला लावलीस. देवघराच्या भिंतीला लागून ते ठो ठो! मला वाटलं, पोरगी बापाची थट्टा करायलीय. वायर उपटली आणि तोंडाला येईल ते बोलले. काय बोलले ते इथं लिहीत न्हाई. तुला पाठ असंल.

तू गेलीस आणि त्यांचं खाणं तुटलं. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याबिगर ह्या माणसानं चाळीस वर्षांत घास घेतला न्हाई, आणि तो तळहातच उलटा पडत होता. मी खालून हात धरायला गेले की ओढून घ्यायचे. मठाचे स्वामी येऊन सांगून गेले, लिंग गळ्यातच असू द्या, उजव्या हातानं विभूती लावा, चालतंय. ह्यांनी मान डोलावली आणि दोन घासांत ताट सारलं. दवाखान्यातून हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिलेला, तो म्हशीच्या गोठ्यात फेकला. तुला यातलं काही सांगितलं का? न्हाईच.

पंधरा दिवसांनी म्हणाले, वायर लाव. मी न्हाई म्हटलं, तर पाणीसुद्धा घेईनात. लावली. आता ऐक. उजव्या हातानं माऊस फिरवायचे, गोळ्या घालायचे, पण डाव्या बोटांनी टिकल्या दाबल्याबिगर त्या खेळात पाऊल उचलत न्हाई. एका जागी उभा राहिला की मेला. खाली जिवाचा शंभर आकडा असतो ना, तो भराभरा उतरायचा, नव्वद, चाळीस, शून्य, आणि पडदा लाल. दिवसाला पन्नास वेळा मेले तुझे अप्पा. मी बाजूला शेंगा फोडत बसायचे. बघायचं न्हाई म्हटलं तरी बघितलं जातंय.

मग एका दुपारी मधलं बोट हललं. पुढं जायची टिकली ती. सरळ भिंतीला जाऊन धडकले आणि तिथंच थांबले, पण चालले गं! पुढच्या महिन्यात बाजूला सरकायला लागले. आता निळी किल्ली शोधून निळं दार उघडतात, राक्षस त्या फुटणाऱ्या पिंपाजवळ आले की पिंपालाच गोळी घालून तिघांना एकदम उडवतात. जिवाचा आकडा वाढवणारा दवापट्टीचा डबा कुठल्या कोपऱ्यात हाय ते मला तोंडपाठ झालंय. परवा मी ‘मागं हाय, वळा की, मारा त्याला!’ असं ओरडले तर शेजारची कमलम्मा लाटणं घेऊन घरात घुसली. अप्पाला म्हटलं, मुंगी चुकवून चालणारे तुम्ही, हे शोभतंय का? तर म्हणतात, ती भुतं हायत, चालतंय.

हे तुला सांगायचं न्हाई असं मीच त्यांना बजावलं होतं. उगा तुला आशा लावायची आणि हात आलाच न्हाई तर? काल सोमवारी सकाळी मी बेल घेऊन देवघरात गेले, तर त्यांनी मला बाजूला केलं. लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं हळूहळू वळली. तळहात उलटा पडला न्हाई. पुरी पूजा झाली, मी बेल हातात घेऊन तशीच उभी. मग म्हणाले, भूक लागलीय. तीन भाकरी खाल्ल्या. मी आत जाऊन रडले, आणि मग मी पण पोटभर जेवले, किती दिवसांनी कुणास ठाऊक. मंजू, तू बरोबर होतीस, मी चुकले. हे तोंडानं म्हणायला मला येत न्हाई, म्हणून हे पत्र. नागप्पा कंडक्टरच्या हाती देते, उद्या तुला पोचंल. येत्या सोमवारी ते पूजा करतील तेव्हा तू समोर बसलेली पाहिजेस. त्यांना पाहिजेस, मलाही. येतीस का न्हाई ते शुक्रवारपर्यंत सांग, माझ्याच फोनवर. न्हाई सांगितलंस तर शनिवारी पहिल्या एसटीनं येऊन तुझ्या दारात बसते.

तुझीच,
अव्वा