प्रेमलाला ऐकू येतं

१४ जून १९६४, रविवार. तुळजापूर.
औरंगाबादहून परत आलो. शास्त्र शिक्षकांचा उन्हाळी कोर्स संपला. मी आता पहिला विष्णुपंत राहिलेलो नाही. घरात हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

डी.एन.ए.! आपलं नाक, उंची, डोळ्यांचा रंग, सगळं चार अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि ते आपल्या प्रत्येक पेशीत असतं. संकल्प: यावर मराठीत पुस्तक लिहिणे. शंभर पानं. दिवाळीपर्यंत. माझं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालं, त्यामुळं मराठी वाचकांची अडचण माझ्याइतकी कुणाला कळणार?

आमची प्रेमला चार वर्षांची झाली. अजून बोलत नाही. तिच्या आईचं, वनमालाचं, एकच पालुपद, पोरीला ऐकू येत नाही. मी म्हणालो, हुशार मुलं उशिरा बोलतात, मीही उशिराच बोललो असणार. आईला विचारलं. आई म्हणाली, तू वर्षाच्या आत बोलायला लागलास.
आईची स्मरणशक्ती आता भरवशाची राहिली नाही.

२२ जून
दहावीला बेडकाची पचनसंस्था शिकवायची होती. डी.एन.ए. शिकवला. तहसील कचेरीचा दाखला फार उपयोगी पडला. मूळ दस्त कचेरीच्या दफ्तरखान्यात कडीकुलपात असतो, तो बाहेर येत नाही. तो झाला डी.एन.ए., आपल्याला मिळते ती नक्कल झाली आर.एन.ए.; ही नक्कल बाहेर कारखान्यात जाते. तिथं तीन-तीन अक्षरं वाचतात, प्रत्येक तीन अक्षरांना एक मणी ओवतात. मण्यांची माळ झाली की ते प्रोटीन. एका प्रोटीनपुरता जो मजकूर, तो एक जीन. वर्ग स्तब्ध होता.

हेडमास्तर हणमंतप्पा दारात उभे होते म्हणून स्तब्ध होता, हे नंतर कळलं. ते म्हणाले, "पंत, हे लई भारी हाय. पण परीक्षेला बेडूक हाय."
दूरदृष्टी नाही.

५ जुलै
प्रयोग. प्रेमला पाठमोरी भातुकली खेळत असताना मागं पितळी घागर टाकली. तिनं वळून पाहिलं. निष्कर्ष: ऐकू येतं.
वनमाला म्हणाली, जमीन हादरली म्हणून वळली. हरकत नोंदवून ठेवतो. घागरीला पोचा आला तो वेगळा विषय.

६ जुलै
शाळेतली पी.टी.ची शिट्टी आणली. मागं उभा राहून जोरात फुंकली. शेजारच्या नीलम्मा धावत आल्या, पलीकडच्या कल्याणप्पांचं कुत्रं भुंकायला लागलं. प्रेमला बाहुलीला निजवत होती, ती निजवतच राहिली.
निष्कर्ष: विलक्षण एकाग्रता. ही माझ्याकडून आलेली दिसते.

१६ ऑगस्ट
प्रेमलाला देवळात नेलं. नगारा सुरू झाला तशी तिनं माझं बोट सोडलं, पोटावर दोन्ही हात ठेवले आणि खदखदून हसली. मी तिथंच सगळ्यांना सांगितलं, पाहा, ऐकू येतं! ओळख नसलेल्या दोन-तीन भाविकांनीही अभिनंदन केलं.

घरी येऊन वनमालाला सांगितलं. तिनं विचारलं, हात कानावर ठेवले की पोटावर?
बायकांचा असा खोचक स्वभाव असतो. पुस्तकाची आठ पानं झाली. त्यातली सहा प्रस्तावनेची.

१३ सप्टेंबर
आईनं आज वनमालाला ऐकवलं: हे आमच्या घरात कधी नव्हतं, तुझ्याच माहेरचं काहीतरी असणार.  वनमाला पोरीला कडेवर घेऊन नीलम्मांकडं गेली.

मला आईची भाषा पटली नाही, मुद्दा पटला. अर्थात प्रेमलाला ऐकू येतं. पण समजा कमी येत असेल, तर त्याचा छडा शास्त्रानंच लागेल. कुठला जीन, कुठल्या घरातला. संकल्प: कळंबला जाऊन वनमालाच्या माहेरची वंशावळ तयार करणे. पुस्तकात एक प्रकरणही होईल.

२७ सप्टेंबर
कळंब. सापडलं!
तात्यामामांनी, म्हणजे वनमालाच्या वडिलांनी, सांगितलं की त्यांना एक आत्या होती, गोदा. जन्मापासून मुकी-बहिरी. लग्न झालं नाही, कुणी काही शिकवलं नाही. माजघरात बसून जन्मभर धान्य निवडलं. ती मान खाली घालून बसायची, म्हणून बोलवायचं असलं की पोरं तिच्या अंगावर जोंधळ्याचा दाणा फेकायची. हे सांगताना तात्यामामांना हसू येत होतं, मग थांबले. म्हणाले, "बिचारी दाणा लागला की वर बघायची. सोनंनाणं मिळाल्यागत हसायची."

मी कागदावर गोदाआत्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला. संशोधकाचा आनंद काय असतो ते आज समजलं. परतीच्या एस.टी.त जागा नव्हती, तुळजापूरपर्यंत उभा आलो, तरी पाय दुखले नाहीत.

२८ सप्टेंबर
काल घरात शिरल्याशिरल्या सांगितलं, तुमच्याच घरातलं आहे. वनमाला पिठलं ढवळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तात्यांची आत्या, म्हणजे तुमच्या आईची कोण?"

आई तात्यामामांची सख्खी बहीण. वनमाला माझ्या मामाची मुलगी. हे मला माहीत होतं. लग्नात मीच हजर होतो.

आई जवळच वाती वळत होती. हातातली वात तशीच राहिली. म्हणाली, "गोदाआत्याला मी विसरलेच होते रे." मग उठून आत गेली. जेवायला आली नाही.

२ ऑक्टोबर
सुट्टी. नीट मांडून पाहिलं. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. माणूस ठणठणीत राहतो, त्याला कळतही नाही. मला कळलं नाही. वनमालालाही नाही. गोदाआत्याच्या भावाकडून एक बिघडलेली प्रत तात्यामामांकडं गेली, एक आईकडं. तिथून आम्हा दोघांकडं. आम्ही दोघांनी प्रेमलाला नेमकी तीच दिली.

कोर्समध्ये हे उत्तर सगळ्यांत आधी लिहिणारा मीच होतो. सरांनी पाठ थोपटली होती.

१८ ऑक्टोबर
आईचं म्हणणं, दुसरं मूल होऊ द्या. मी गणित केलं. अशा जोडप्याला चारात एक मूल असं होतं. आमचं एक होऊन गेलं. म्हणजे पुढची तीन ठीक! वनमालाला उत्साहानं समजावलं.
ती म्हणाली, "दर वेळी चिठ्ठ्या नव्यानंच टाकत असतील ना?"
शास्त्राचं शिक्षण नसलेल्या माणसाला संभाव्यता समजावणं अवघड असतं.

१९ ऑक्टोबर
कोर्सच्या नोट्स काढल्या. दर वेळी नव्यानंच टाकतात.

१ नोव्हेंबर
वनमालानं हट्ट धरला म्हणून सोलापूरला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कानामागं ट्यूनिंग फोर्क धरला, घंटा वाजवली, टाळ्या वाजवल्या. म्हणाले, जन्मतः बहिरी आहे, यावर औषध नाही. इथं मुक्याबहिऱ्यांची शाळा आहे, वसतिगृह आहे, जूनमध्ये घाला. जितकं लवकर तितकं बरं.

मी त्यांना डी.एन.ए.बद्दल विचारलं. त्यांना फारशी माहिती दिसली नाही. जुन्या पिढीचे आहेत. अमेरिकेत आता ती तीन-तीन अक्षरं वाचायला लागलेत. वाचता आलं की दुरुस्त करता येणारच. नकलेत चूक असती तर सोपं होतं, दुसरी नक्कल मागवली असती. चूक मूळ दस्तात आहे. तरी पाचेक वर्षं धरू.

संकल्प: प्रेमलाला शाळेत घालायचं नाही. दुरुस्तीची वाट पाहायची. तोवर बोलणं मी शिकवणार.
पुस्तक: दिवाळीची मुदत संक्रांतीपर्यंत वाढवली आहे.

१५ नोव्हेंबर
रोज संध्याकाळी तिला समोर बसवतो. "बा-बा. बा-बा." ती फार लक्ष देऊन बघते. आज तिनं माझ्या तोंडात बोट घातलं, आत काय आहे ते पाहायला. मी पुन्हा म्हणालो, "बा-बा." तिनं वाकून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. प्रगती आहे.

मायलेकी एकमेकींशी हातानं बोलतात. दूध, पाऊस, देऊळ, आजी, सगळ्याला खुणा आहेत. आजी म्हणजे वाकवलेलं बोट. मी सक्त मनाई केली. खुणांची सवय लागली तर ती बोलायचं कशाला?

२९ नोव्हेंबर
शाळेतून लवकर आलो. अंगणात दोघी हातवारे करून हसत होत्या. आईसुद्धा त्यांच्यात होती. मला पाहिल्यावर तिघींनी हात खाली घेतले.

२४ जानेवारी १९६५
गॅदरिंगमध्ये माझं व्याख्यान. सुंभाच्या दोन दोऱ्या आणि बांबूच्या काड्या घेऊन पिळाची शिडी केली होती. चार अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या: अ समोर ट, ग समोर क. पालक बरेच होते. नाटक माझ्यानंतर होतं, पण म्हणून आले असं म्हणता येणार नाही.

शेवटी बलभीम नावाच्या शेतकऱ्यानं उठून विचारलं, "गुरुजी, हे लिव्हलेलं वाचता येतंय म्हणता. मग खोडता येतंय का?"
मी म्हणालो, लवकरच.
"लवकर म्हंजी कवा?"
मी शिडीचा पीळ नीट करत राहिलो. हणमंतप्पांनी नाटकाची घोषणा केली.

७ मार्च
लिहवत नाही. तरी लिहितो.
प्रेमलाला घेऊन बाजारात निघालो होतो. मोठ्या उतारावर मी तिचं बोट सोडलं. चार महिने शिकवत होतो, हाकेला वळते का ते बघायचं होतं. ती पुढं चालायला लागली. मागून कडब्याची गाडी उतारावरून येत होती. गाडीवान ओरडत होता, बैलांच्या घुंगरांचा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू येत होता. मी हाक मारली. पुन्हा मारली. धावायच्या ऐवजी हाकाच मारत राहिलो.

गाडी बलभीमचीच होती. त्यानं बैल वळवून गाडी गटारात घातली. तरी चाक तिच्या पावलावरून गेलं. मला म्हणाला, "लेकराला ऐकू येत न्हाय व्हय? मग हात कशापायी सोडलाव, गुरुजी?"
 तिला उचललं. ती रडत होती, आणि माझ्या तोंडाकडं न बघता रस्त्यावर आईला शोधत होती.

१० मार्च
पावलाची दोन हाडं मोडलीत. प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणतात, चालेल.
 वनमाला आज म्हणाली, "जूनमध्ये मी तिला सोलापूरला नेणार. तुम्ही आलात तर बरं. तुमची दुरुस्ती होईतोवर ती म्हातारी होईल. मला ती गोदाआत्यासारखी धान्य निवडत बसलेली बघायची नाही."
मी म्हणालो, शाळेबद्दल माझंही तेच मत बनत चाललं होतं.

१४ जून
प्रेमलाला वसतिगृहात सोडलं. थोडी लंगडते. तिला वाटत होतं आम्ही तिघं राहणार आहोत. वनमालानं खुणा करून करून सांगितलं. तिला कळलं तेव्हा तिनं वनमालाचे दोन्ही हात धरून ठेवले, म्हणजे पुढचं सांगताच येईना.

मी तिथल्या बाईंना आनुवंशिकतेबद्दल थोडक्यात माहिती दिली. त्यांनी ऐकून घेतली आणि पोरीचा हात हळूच सोडवला. एस.टी.त वनमाला खिडकीबाहेर बघत होती. मी तिला म्हणालो, आता पुस्तकाला वेळ मिळेल. 

७ नोव्हेंबर
भेटायला गेलो. पोर ओळखू येईना. गालावर मांस चढलंय, दोन वेण्या, अंगणात पोरींच्या घोळक्यात. वर्गात बाई तोंडानं बोलायला शिकवतात, पण अंगणात पोरींचं राज्य हातांचं. इतके भराभर हात चालतात की बघून डोळे फिरतात. आमची पोर त्यात सगळ्यांपेक्षा बडबडी! मी वनमालाला म्हणालो, माझ्यावर गेलीय.

आम्हाला बघून धावत आली. आईला बिलगली. मग मैत्रिणींना आमची ओळख करून द्यायला लागली. वनमालाकडं बोट दाखवून तिनं स्वतःच्या गालावर तळवा ठेवला. मग माझ्याकडं बोट केलं, आणि आपल्या तोंडासमोर चार बोटं नि अंगठा उघड-मीट उघड-मीट केलं, भराभरा. पोरी हसल्या. तीही हसली. त्यात वाईट काही नव्हतं.

मी बाईंना विचारलं, ही खूण म्हणजे शिक्षक ना? माझा पेशा तिला माहीत आहे.
 बाई म्हणाल्या, "शिक्षकाची खूण वेगळी आहे. पोरी प्रत्येकाला आपापलं नाव ठेवतात. हे तुमचं नाव आहे."
म्हणजे काय, विचारलं.
"तोंड हलवणारा माणूस."
वनमाला पोरीची वेणी पुन्हा घालत होती. तिनं मान वर केली नाही.

निघताना पोरीनं मला दोन-तीन खुणा केल्या, काहीतरी विचारत होती. मी हसून मान हलवली. ती थोडा वेळ उभी राहिली, मग मैत्रिणींकडं पळाली. वनमालाला विचारलं, काय म्हणत होती? ती म्हणाली, तुम्ही पुन्हा कधी येणार, असं विचारत होती.

परतीच्या एस.टी.त मी वनमालाला म्हणालो, मला शिकव. ती म्हणाली, शिकवते की. सांगा, आधी काय शिकवू? तिला काय सांगायचंय तुम्हाला?
विचार करत बसलो. निम्मा रस्ता सरून तामलवाडी आली तरी सुचेना.