विकतचे गिऱ्हाईक

चंद्रपूर, एप्रिल २००४, मंगळवार संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही. नागपूरच्या कंपनीला पैसे भरून मी प्लॉट घेऊ इच्छिणाऱ्यांची नावे विकत घेतली. त्यातल्या एका 'पक्क्या' नावासाठी आज उन्हात चिमूरला गेलो, तर ओसरीवर माझ्यासारखेच दोघे प्लॉटचे दलाल आधीच चहा पीत बसलेले. एक म्हणाला, "या भाऊ, तुमाले बी पक्कंच म्हनून इकलं का?"

घरच्या बाईंनी मलाही चहा दिला आणि विचारले, "तुमी तरी कुकर आनला का?"

कसला कुकर? मार्कंड्याच्या जत्रेत कुणीतरी त्यांच्याकडून सोडतीची चिठ्ठी भरून घेतली होती. बक्षीस कुकर. प्लॉटचा विषयही निघाला नव्हता. त्याच चिठ्ठीवरचे नाव कंपनीने आम्हा तिघांना विकले होते. "आमाले जागा कायले पायजे? आमी तं कुकरची वाट पाहून राह्यलो." फसवली गेलेली ती बाई आम्हा तिघांना चहा पाजत होती. कुकर! आणि यासाठी मी पैसे मोजले?

इकडे माझे जुने गिऱ्हाईक असलेल्या गुरुजींनी आपल्या साडूला आपणहून माझ्याकडे पाठवले होते. तो बायकोसह दुपारभर माझ्या बंद दुकानासमोर थांबला. शेवटी शेजारच्या दलालाने त्याला जागा दाखवली, इसाराचे पैसेही घेतले.

गुरुजींचा फोन आला. आवाज चढला नव्हता. "तुमच्या भरोशावर पाठवलं होतं जी त्याले. आता कोनाले कसं पाठवू?"

कंपनीचा माणूस पुढच्या महिन्याचे पैसे मागायला येईल. त्याला काय सांगायचे ते ठरले आहे. उद्या सकाळी गुरुजींच्या दारात काय बोलायचे, ते मात्र सुचत नाही.