फ्रीज चारवर आहे

सोमवार, ५ मे. सकाळी ९.४०
आजपासून क्वालिटी म्हणजे क्वालिटी! लॅबचा क्वालिटी इन्चार्ज मी, चिंतामण. सही माझीच असते.

काल दिवसभर इथे गंगापूर रोडला लाइट नव्हती. तपासणीच्या किटच्या फ्रीजचा काटा आत्ता एकोणीस अंशांवर, हवा दोन ते आठमध्ये. रजिस्टरमध्ये ४ लिहिले. बावीस वर्षं ४ लिहितोय, एका दिवसासाठी कशाला मोडायचं?

योगिनीने, नव्या टेक्निशियनने, विचारलं की सर, कंट्रोल लावू का. कंट्रोल म्हणजे रोग आहे हे आधीच माहीत असलेलं रक्त. किट ठीक आहे ना, ते त्यावरून कळतं आणि भिंतीवरच्या चार्टवर रोज एक ठिपका पडतो. मी आठवड्याचे सगळे ठिपके सोमवारीच काढून ठेवतो, बरोबर रेषेवर. तिला म्हटलं, ठिपका दिसतोय ना? मग झालं तर.

दुपारी १२
पेठ तालुक्यातला पुंजा आला. हिपॅटायटिस सीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, अँटिबॉडी टेस्ट. सुई काढताना त्याचा हात हलला. (मी जरा मोबाइल बघत होतो.) तीच सुई माझ्या बोटात. अरे देवा!

४.३०
पुंजा निगेटिव्ह. हुश्श! तो सुटला, मीही सुटलो. घरी बायकोला, सुधाला, जिलबी न्यावी.

मंगळवार, ६ मे
फ्रीज आज खरोखरच चारवर. बघून बरं वाटायला हवं होतं. कालचे एकोणीस आठवले. किट तेच.
गरम झालेलं किट वापरू नका म्हणे. कंपनीवाले उगाच घाबरवतात.
पुंजाच्या रक्ताची नळी शोधली. ती सात दिवस ठेवायचा नियम आहे. जागा कुठाय? कालच टाकली.

गुरुवार, ८ मे
पुंजाची आई भागीबाई पहिल्या एसटीने आली. मला डॉक्टर म्हणते. मी दुरुस्त करत नाही. म्हणाली, पोराचं डोळं पिवळं दिसत्यात, कागद परत बघा. बघितला. खाली माझी सही. म्हटलं, कागद काय खोटं बोलतो का? ती म्हणाली, तुमी सांगता तर खरंच असंल, म्हून तर दुसऱ्या डॉक्टरकडं नेला नाय.
ती गेली. बाकाकडे बघवत नाही, अजून तिथेच बसल्यासारखी वाटते.

शनिवार, १० मे
सुधाने विचारलं, पोळ्या किती? चार म्हणालो आणि लगेच तीन केल्या. ती म्हणते, तुम्ही सारखं बोट का चोळता? सवय, म्हटलं.
संकल्प: पुंजाला बोलावून सगळं सांगायचं. लगेच फोन लावला. भागीबाईंचा आवाज आला. राँग नंबर म्हणून ठेवला.

सोमवार, १२ मे
योगिनीने मला न विचारता त्याच किटवर कंट्रोल लावलं. रोग असलेलं रक्त, आणि किट म्हणतंय निगेटिव्ह. म्हटलं, कंट्रोलच खराब असेल. तिने नवं किट फोडून लावलं. त्यावर पॉझिटिव्ह. तिने एवढंच विचारलं, सर, त्या किटवर किती रिपोर्ट गेले?
सतरा.
रजिस्टर मागितलं तिने. मी म्हटलं, उद्या बघू.

मंगळवार, १३ मे. सकाळी ११
मार्ग सापडला! पुंजाला दुसऱ्या लॅबमध्ये आणलं. फुकट तपासणी आहे, असं सांगितलं. आपल्या लॅबचं नाव खराब नको. बाकीच्या सोळांचं नंतर बघू. पुंजाच्या डोळ्यांकडे मी बघत नाही.

इथला टेक्निशियन हसतमुख. क्वालिटीची काळजीच नको, म्हणाला. फ्रीज? रोज चार, सर.

भिंतीवर चार्ट. सगळे ठिपके रेषेवर. एकही वर नाही, एकही खाली नाही. आज मंगळवार आहे. शनिवारचा ठिपकासुद्धा काढलेला.

भागीबाई बाकावरून विचारतेय, डॉक्टर, हितला कागद तरी खरा आसंल ना?

पुंजाने बाही वर करून ठेवलीय.